अपू चित्रत्रयी : आगीतून ब्लू-रेपर्यंत

निगेटिव्ह : सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’ (१९५५), ‘अपराजितो’ (१९५६) आणि ‘अपुर संसार’ (१९५९) या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३ साली लंडनमधील एका प्रयोगशाळेच्या आगीत होरपळल्या. ठिसूळ झालेल्या या फिती पुढे इटलीतील बोलोन्या येथे रसायनांनी पुन्हा लवचीक करण्यात आल्या आणि हाताने दुरुस्त करून ‘४के’ स्कॅन करण्यात आल्या, म्हणजेच प्रत्येक चौकट सुमारे ४,००० बिंदूंच्या रुंदीत टिपली गेली. ‘अपुर संसार’साठी मात्र मुख्यतः निगेटिव्हवरून काढलेल्या पुढच्या पिढीच्या प्रतींवर विसंबावे लागले, आणि अशा प्रत्येक नकलेत तपशील थोडा हरवतोच.

बिंदुसंख्या : स्कॅनमधला किती तपशील घरच्या पडद्यावर पोहोचतो, हे डिस्कच्या बिंदुसंख्येवर (रुंदी × उंची) अवलंबून असते : भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर ७२० × ५७६, ब्लू-रेवर १९२० × १०८०, तर ४के डिस्कवर ३८४० × २१६०.

दाणा : फिल्मवरील रौप्यकणांमुळे दिसणारा बारीक दाणा हा दोष नसून चित्राचाच अंश होय; संगणकाने तो अति पुसल्यास ‘पथेर पांचाली’तील वृद्ध इंदिर ठाकरूणच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांसारखा सूक्ष्म तपशीलही त्याच्यासोबत पुसला जातो आणि त्वचा मेणासारखी गुळगुळीत दिसू लागते.