नावागणिक छपाई

बदलत्या मजकुराची छपाई म्हणजे एकाच मांडणीतली प्रत्येक प्रत वेगळी छापणे. शाळेच्या ओळखपत्रावर चौकट, बोधचिन्ह आणि मुख्याध्यापकांची सही सगळ्यांना सारखी असते. नाव, इयत्ता, रक्तगट आणि फोटो दर प्रतीला बदलतात. धंद्यात याला ‘व्हेरिएबल डेटा’ किंवा नुसते ‘डेटा मर्ज’ म्हणतात. कोल्हापूरच्या राजारामपुरीचा पत्ता हा त्याचा सोपा नमुना आहे. ‘राजारामपुरी’ आणि ‘कोल्हापूर ४१६००८’ हे कायम, मधली गल्ली तेवढी बदलती. पण ती भरतानाच पहिली अडचण येते. आकड्याला ‘वी’ जोडून पाचवी, सातवी, आठवी गल्ली मिळते. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी त्या नियमात बसत नाहीत आणि नऊची नववी होते. त्यामुळे यादीत आकडा न ठेवता ‘नववी गल्ली’ असे पुरते लिहिलेले बरे.

ही गरज संगणकाच्या आधीची आहे. ट्रेडल या जुन्या छापयंत्रावर पावतीपुस्तके छापताना खिळ्यांच्या उंचीचे नंबरिंग मशीन मजकुराबरोबरच फर्म्यात आवळत. दर दाबाला त्याची खुंटी आत जाई आणि आकड्यांचे चाक एक घर पुढे सरके. गणेशोत्सवाच्या वर्गणीची पुस्तके अशीच निघत. क्रमांक यंत्र बदलायचे, देणगीदाराचे नाव मात्र टिंबांच्या रेघेवर पेनाने लिहावे लागे. लग्नपत्रिकेच्या पाकिटावरचे नावही घरातले सुवाच्य अक्षराचे कोणीतरी लिहीत बसे.

ऑफसेटमध्ये प्लेट एकदा तयार झाली की हजारो प्रती एकसारख्या निघतात. तेच तिचे बळ आणि तीच तिची मर्यादा. डिजिटल यंत्रात प्लेट नसते. लेझरने ढोलावर विद्युतभाराची प्रतिमा उमटते, तिला टोनर चिकटतो, तो कागदावर उतरतो आणि ढोल पुसून पुढच्या प्रतिमेला मोकळा होतो. प्रतिमा दर प्रतीला नव्याने तयार होणारच असेल, तर ती आधीच्यासारखी असण्याची गरज उरत नाही. काळ्या मजकुराच्या लेझर छपाईत हे आधीच शक्य झाले होते. रंगीत डिजिटल छपाईला वळण मिळाले ते १९९३ मध्ये, बर्मिंगहॅमच्या आयपेक्स प्रदर्शनात इंडिगो आणि झायकॉन या कंपन्यांची यंत्रे पुढे आली तेव्हा. भारतात घरोघरी पोचलेले उदाहरण आधारपत्राचे: पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिले गेले, आणि त्या पत्रावर नाव, पत्ता, फोटो, क्रमांक सगळेच माणसागणिक वेगळे असते.

काम तीन गोष्टींवर चालते: साचा, यादी आणि फोटोंचे फोल्डर. साच्यात नावाच्या जागी खूण ठेवतात, यादी एक्सेलमध्ये असते आणि तिच्या एका रकान्यात फोटोच्या फाइलचे नाव असते. कोरल ड्रॉमधले ‘प्रिंट मर्ज’ किंवा इनडिझाइनमधले ‘डेटा मर्ज’ ओळीमागून ओळ उचलून साच्यात भरते. मोठ्या यंत्रांवर सारखा भाग एकदाच उतरवून साठवतात आणि दर प्रतीला फक्त बदलता भाग नव्याने घडवतात. नाहीतर हजार कार्डांची फाइल यंत्राला जड होते.

मराठीत खरी कसोटी व्याकरणाची. इंग्रजीत नाव जसेच्या तसे वाक्यात बसते. मराठीत ते विभक्तीने आतून बदलते. ‘पाटील’चे ‘पाटलांना’ होते, ‘पुणे’चे ‘पुण्याला’. हे सगळे यंत्राला शिकवण्यापेक्षा जुन्या पत्रलेखनाची वाट सोपी आहे: ‘श्री. पाटील यांना’, ‘पुणे येथे’. ‘यांना’ आणि ‘येथे’ प्रत्ययाचा भार उचलतात, नाव अभंग राहते. प्रमाणपत्रावरचे ‘हा/ही’ आणि ‘झाला/झाली’ एकेकाळी पेनाने खोडत. आता यादीत लिंगाचा रकाना ठेवला की योग्य शब्द आपोआप पडतो. पाकिटावर ‘श्री. व सौ.’ की ‘श्रीमती’ हे मात्र घरच्यांनीच ठरवून रकान्यात लिहावे. तिथली चूक माणसाला लागते.

दुसरी अडचण अक्षरांची. प्रेसमधले जुने साचे बहुधा श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये, शाळेकडून येणारी यादी युनिकोडमध्ये. रूपांतरात ‘गोऱ्हे’ हे ‘गोर्हे’ होऊ शकते. इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची रचना निवडली नसेल तर ऱ्हस्व वेलांटी भलत्या बाजूला पडते आणि जोडाक्षरे फुटतात. यादी इंग्रजीत असेल तर प्रश्न आणखी बिकट होतो: ‘Kale’ ही रोमन अक्षरे पाहून ‘काळे’ की ‘काले’, ‘Mane’ पाहून ‘माने’ की ‘मने’ हे कोणतेही यंत्र खात्रीने सांगू शकत नाही. म्हणून छपाईआधी यादीचा कागद वर्गशिक्षकांकडे जाऊन सहीनिशी परत यायला हवा.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की ओळखपत्रांचा हंगाम येतो. कार्ड ८५.६ × ५४ मिलिमीटरचे, बँकेच्या कार्डाएवढे. २५ × ३५ मिलिमीटरच्या फोटोला ३०० डीपीआयने सुमारे २९५ × ४१३ पिक्सेल लागतात. मोबाइलवर काढलेला फोटोही पुरतो, फक्त व्हॉट्सअ‍ॅपवरून बारीक होऊन आलेला नको. फोटोच्या फाइलला मुलाचे नाव देऊ नये, जनरल रजिस्टरचा क्रमांक द्यावा. एका वर्गात एकाच नावाची दोन मुले असू शकतात, क्रमांक मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो. फोटो नुसते ओळीने लावले आणि एक मूल त्या दिवशी गैरहजर असले, तर तिथून पुढच्या प्रत्येकाच्या गळ्यात दुसऱ्याचा चेहरा येतो. प्लेटवरची चूक पहिल्या प्रतीत दिसते. फोटो सरकण्याची चूक मात्र चाळिसाव्या कार्डापासूनही सुरू होऊ शकते. त्यामुळे पहिले, मधले आणि शेवटचे कार्ड यादीशी ताडून पाहणे हा किमान नियम आहे.

क्रमांकांच्या मांडणीतही हुशारी लागते. हजार पावत्या, एका कागदावर चार, म्हणजे २५० कागद. पहिल्या कागदावर १, २, ३, ४ छापले तर कापल्यानंतर हाताने क्रम लावत बसावे लागते. त्याऐवजी १, २५१, ५०१, ७५१ छापतात. कटिंग मशीनखाली गठ्ठा चार भागांत कापून ते एकावर एक ठेवले की १ ते १००० सलग तयार.

एखादे कार्ड तुटले किंवा आडनाव दुरुस्त करायचे असले, तर यादीतली ती एकच ओळ पुन्हा छापता येते. त्यासाठी यादी आणि फोटो वर्ष संपेपर्यंत जपून ठेवतात, आणि मुलांचे फोन नंबर, पत्ते व चेहरे त्यात असल्याने नवीन वर्षाची यादी आली की जुनी पुसून टाकतात.