पॅपिलिओ मेयो : एका बेटवासी फुलपाखराचे वर्गीकरण

भंडारा परिसरात लिंबू व कढीपत्त्याच्या झाडांवर वाढणारे कॉमन मॉर्मन, म्हणजे पॅपिलिओ पॉलिटिस, प्राणिशास्त्राच्या अध्यापकांच्या परिचयाचे आहे. त्याच प्रजातीतील पॅपिलिओ मेयो हे फुलपाखरू मात्र केवळ अंदमान बेटांवर आढळते आणि त्याची माहिती अभ्यासकांपलीकडे फारशी पोहोचलेली नाही. त्याचे प्रथम वर्णन ॲटकिन्सन याने १८७३-७४ च्या सुमारास केले.

मेयोचा नर मखमली काळा असून त्याच्या मागील पंखांवर रुंद निळा पट्टा असतो. त्यामुळे २०१५ मध्ये महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू ठरलेल्या राणी पाकोळीची, म्हणजे पॅपिलिओ पॉलिम्नेस्टरची, आठवण होते. पॉलिम्नेस्टरच्या निळ्या भागावर मात्र काळे गोल ठिपके असतात. येथे एक प्रश्न उद्भवतो. श्रीलंकेतील पॉलिम्नेस्टर 'पॅरिंडा' ही केवळ उपजाती मानली जाते, मग अंदमानचे मेयो स्वतंत्र जाती का? पाल्कची सामुद्रधुनी उथळ आहे. हिमयुगात समुद्रपातळी खालावल्यावर तेथे भूमार्ग होता. अंदमानभोवती खोल समुद्र आहे. परंतु समुद्र हाच निकष मानता येत नाही, कारण तोच समुद्र ओलांडलेले अंदमानचे पॉलिटिस 'स्टिकिऑइडिस' या नावाने उपजातीच राहिले आहे. पंखांवरील स्थिर भेद, जननांगांची रचना आणि अलीकडे डीएनए यांवरूनच दर्जा ठरवावा लागतो. त्यात अभ्यासकाच्या निर्णयाला वाव उरतो, हे मान्य केलेले बरे.

केवळ रंगरूपावर विसंबल्यास काय होते, याचे उदाहरण घरचेच आहे. लिनीयसने १७५८ मध्ये पॉलिटिसच्या नराला 'पॅमॉन' व मादीला 'पॉलिटिस' अशी दोन जातींची नावे दिली. या मादीची तीन रूपे आहेत : एक नरासारखे, दुसरे कॉमन रोझची आणि तिसरे क्रिमझन रोझची नक्कल करणारे. कृष्णमेघ कुंटे व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखविल्याप्रमाणे हा भेद 'डबलसेक्स' या एकाच जनुकाशी निगडित आहे. म्हणून ही रूपे म्हणजे उपजाती नव्हेत. मेयोच्या मादीतही एकाहून अधिक रूपे आढळतात.

गोंधळ वाढविणारी बाब अशी की, क्रेमरने १७७५ मध्ये दिलेले 'रोम्युलस' हे नाव आज भारतीय मुख्य भूमीवरील उपजातीचे आहे आणि क्रिमझन रोझसारख्या मादीरूपालाही रूढ आहे. जिल्ह्याच्या एखाद्या जातिसूचीत नुसते 'रोम्युलस' लिहिले असेल, तर निरीक्षकाने उपजाती नोंदविली की मादीचे रूप, हे वाचणाऱ्यास कळत नाही. उपजाती व रूप यांची नोंद स्वतंत्र रकान्यांत हवी आणि स्थळाचीही नेमकी हवी. १९९९ पूर्वीच्या नमुनापट्टीवरील 'भंडारा' या शब्दात आजचा गोंदिया जिल्हाही येतो.