दोन तासांच्या आत

उघड्यावर बसून चित्र काढायला घ्या. रंग कालवून होतात, झाडाची सावली कागदावर उतरते आणि मान वर करून पाहावं तर खरी सावली केव्हाच सरकलेली! आता खरी कुठली धरायची, कागदावरची की समोरची?

प्येर-आंरी द व्हालांसिएन या फ्रेंच चित्रकारानं या कोंडीवर थेट वेळेचंच बंधन घातलं. बाहेर बसून केलेला अभ्यास जास्तीत जास्त दोन तासांत संपलाच पाहिजे. सूर्योदय किंवा सूर्यास्त असेल तर अर्ध्या तासात! यथार्थदर्शनावरच्या आपल्या ग्रंथात, १८०० च्या सुमारास, त्यानं हे लिहून ठेवलं. आणि सुरुवात कुठून? आभाळापासून. खालच्या डोंगर-घरांचा रंग ठरवतं ते आभाळच ना!

अर्धा तास, तोही तैलरंगात! रंगाची पत्र्याची ट्यूब निघाली १८४१ साली. त्याआधी चित्रकार डुकराच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत रंग बांधून नेत. असा सरंजाम सांभाळत हा माणूस १७८० च्या दशकात रोमभर हिंडला आणि कागदाच्या लहान तुकड्यांवर ढग, पडक्या भिंती, दोन उंच पॉपलरची झाडं झरझर टिपत गेला.

त्यातली दोन चित्रं शेजारी ठेवून पाहाच. रोममधल्या एका घराचं छप्पर आहे. एका चित्रात त्यावर ऊन, दुसऱ्यात सावली. छप्पर तेच! मग बदललं काय? फक्त वेळ. एकच दृश्य वेगवेगळ्या प्रहरी रंगवा, उजेड आकारही बदलून टाकतो, हे तो शिकवायचाही. क्लोद मोनेनं याच रीतीनं गवताच्या गंजींची जगप्रसिद्ध चित्रमालिका केली ती १८९०-९१ मध्ये, म्हणजे शंभरेक वर्षांनी.

मग व्हालांसिएनचं नाव आपल्या कानावर का नाही? कारण ही चित्रं त्यानं प्रदर्शनात मांडलीच नाहीत. गवयाचा पहाटेचा रियाज असावा तशी ती होती. मैफलीसाठी, म्हणजे प्रदर्शनासाठी, तो स्टुडिओत बसून भव्य, पौराणिक-ऐतिहासिक निसर्गचित्रं करायचा. १७८७ साली फ्रेंच अकादमीत त्याला प्रवेश मिळाला तो आर्किमिडीजची समाधी शोधणाऱ्या सिसेरोच्या चित्रावर. माझ्या मते ते छप्पर या सिसेरोहून कितीतरी जिवंत आहे. पण तेव्हा कोण म्हणणार असं? तो गेला १८१९ साली, आणि हा रियाज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात पोचला थेट १९३० मध्ये, एका राजघराण्यातल्या बाईंच्या देणगीतून. शंभराहून अधिक चित्रं!

चित्रं अशी दडून राहिली, शिकवण मात्र शिष्यांबरोबर चालत राहिली. ऐतिहासिक निसर्गचित्रासाठी सरकारनं 'रोम पारितोषिक' सुरू केलं तेव्हा १८१७ चं पहिलंच पटकावलं ते त्याच्या मिशालों या शिष्यानं. मिशालों पंचविशीतच गेला, पण त्याआधी त्यानं कामीय कोरो नावाच्या एका तरुणाला हाताशी धरलं होतं. कोरो १८२५ मध्ये इटलीला निघाला. पुढच्या मार्चमध्ये त्यानं रोमच्या फार्नेझे बागेत तीन चित्रं एकाच वेळी सुरू केली: सकाळी एकावर बसायचं, दुपारी दुसऱ्यावर, संध्याकाळी तिसऱ्यावर.