पुस्तक वाचून काय वाटले?

पुस्तकावर बोलण्याचा अधिकार कोणाचा, ह्या प्रश्नाचे उत्तर मराठीत फार दिवस ठरून गेलेले होते. ज्याला रस, घाट, आकृतिबंध हे शब्द वापरता येतात त्याने बोलावे; इतरांनी पुस्तक वाचनालयातून आणावे, वाचावे आणि मुकाट्याने परत करावे. ‘मला असे वाटले’ हे वाक्य कच्चे मानले जाई. आमच्या ओवे गावातल्या वाचकांच्या बैठकीत मीही हा कच्चेपणा झाकत होतो. ती माझी चूक कशी उघडी पडली ते सांगितले पाहिजे.

ओवे हे पनवेल तालुक्यातले, खारघर आणि तळोजे ह्यांच्या लगतचे गाव. १९७० साली सिडको स्थापन झाली, नवी मुंबईसाठी भोवतालच्या जमिनी गेल्या, भाताच्या खाचरांवर इमारती उभ्या राहिल्या. २०२३ च्या नोव्हेंबरपासून शेजारच्या पेंधरपर्यंत मेट्रो येते. इमारतींत धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया, तळोज्याच्या कारखान्यांत पाळी करणारी माणसे, कॉलेजातली मुले असे आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एका रविवारी माझ्या घरी जमतो. एक पुस्तक महिनाभर हातोहात फिरते. ज्याला वाचता येत नाही त्याला घरातले कोणी वाचून दाखवते. मग जो तो बोलतो. वही लिहिण्याचे काम माझ्याकडे.

वाचून दाखवणे ही आपल्याकडे जुनीच रीत. १९२० च्या जानेवारीत ‘मूकनायक’ निघाला, १९२७ च्या एप्रिलात ‘बहिष्कृत भारत’. वाचता येणारा एखादाच. तो वाची आणि भोवतीचे ऐकत. वाचन म्हणजे एकट्याने दार लावून करायची गोष्ट, ही समजूत ज्यांच्या घरी स्वतंत्र खोली होती त्यांची. आपला वाचक पहिल्यापासून घोळक्यातला. पुढे सत्तरच्या दशकात ‘अस्मितादर्श’ने मेळावे भरवले, तेही नुसते लेखकांचे नव्हे. ‘लेखक-वाचक मेळावा’ असेच त्यांचे नाव.

अशा वाचकाची प्रतिक्रिया काय करू शकते ते १९७८ साली दिसले. ‘ग्रंथाली’ने दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध केले. पांढरपेशा वाचक हादरला. आपल्याच शहरातला कावाखाना आपल्याला ठाऊक नव्हता, असे त्याला वाटले. ते ‘वाटणे’ पुष्कळदा ‘अरेरे’पाशीच थांबले, हा भाग वेगळा. पण आपल्यातलेही कित्येक शिकलेले लोक चिडले. घरची घाण चव्हाट्यावर कशाला आणायची, हा त्यांचा सवाल. आज कोणी त्या चिडण्याला हसेल. मी हसणार नाही. नुकतीच पांढरी कॉलर चढवलेल्या माणसाची भीती त्यात होती आणि ती भीती खरी होती. ‘बलुतं’ची रचनाच मुळी शिकलेल्या दयाने आतल्या दगडूचे ऐकण्याची आहे. म्हणजे चिडलेला वाचक स्वतः त्या पुस्तकातच बसला होता! हे कोणत्याही सौंदर्यशास्त्राने दाखवले नसते. त्याच्या चिडण्याने दाखवले.

आता आमच्या वहीकडे येतो. त्या महिन्याचे पुस्तक होते बेबीताई कांबळे ह्यांचे ‘जिणं आमुचं’. ‘स्त्री’ मासिकातून १९८२ पासून ते क्रमशः आले, १९८६ साली पुस्तक झाले. बेबीताई फलटणच्या. किराणा दुकानात पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतली वर्तमानपत्रे त्या वाचत, आणि आपले लेखन त्यांनी वीस वर्षे घरात लपवून ठेवले होते. वाचणेसुद्धा लपवावे लागणाऱ्या बाईने लिहिलेले हे पुस्तक. त्यात गावकीचा जुलूम आहे तसा सासूने सुनेचा केलेला छळही आहे, आणि तो कोणाची भीड न बाळगता सांगितला आहे.

बैठकीत पुरुष गावकीवर भरपूर बोलले. सुनांच्या छळाचे पान मात्र सगळ्यांनी उलटून टाकले. शेवटी एक मावशी बोलल्या. त्यांना नातीने पुस्तक वाचून दाखवले होते. त्या म्हणाल्या, “माझ्या सासूनं मला उपाशी ठेवलं, ते मी सगळ्यांना सांगते. मी माझ्या सुनेला काय केलं, ते कोनाला सांगितलं नाय. पोरगी वाचत होती, सून आत भाकऱ्या करीत होती. मला वाटलं, आता हिनं ऐकू नये.”

घरात कोणी हलले नाही. मी वहीत लिहिले : ‘स्त्रियांच्या दुहेरी शोषणाचे प्रभावी चित्रण झाल्याचे मत व्यक्त करण्यात आले.’

पुढच्या बैठकीत मी ते वाचून दाखवले. मावशींनी विचारले, “भाऊ, हे कोन बोललं? मी तर न्हाय.”

मला उत्तर देता आले नाही. माझे वाक्य खोटे नव्हते. पण त्यातून बोलणारी बाई नाहीशी झाली होती आणि तिची कबुलीही. ‘करण्यात आले’ ह्या प्रयोगात कर्ता लागत नाही, म्हणून कारकुनाला तो आवडतो. मी आयुष्यभर कारकुनीच केली.

प्रतिक्रिया म्हणजे काय ते मला तेव्हा थोडे कळले. समीक्षक पुस्तकाची किंमत ठरवतो. वाचक पुस्तक आपल्यावर कोठे आदळले ते सांगतो. त्यासाठी त्याला नेमके पान सांगावे लागते, आणि ते वाचताना आपण कोण होतो हेही सांगावे लागते. सून म्हणून ऐकले की सासू म्हणून? ‘छान आहे’, ‘वाचनीय आहे’, ‘डोळ्यांत पाणी आले’ ह्या शब्दांत ह्यातले काहीच नसते. उलटही होते. आमच्याकडचे एक गृहस्थ कोणत्याही पुस्तकावरून दोन वाक्यांत स्वतःच्या बदलीवर घसरतात आणि पुस्तक तिथेच राहते. त्यांना आम्ही आता पान क्रमांक विचारतो. त्यांना राग येतो, पण पान सापडते. आणि दुसऱ्याचे ‘वाटणे’ खोडून काढायचे नाही, त्याशेजारी आपले मांडायचे. मावशींच्या बोलण्यावर एका तरुणाने हरकत घेतली, की अशाने मूळ जुलूम बाजूला पडतो आणि आपणच आपल्याला दोषी ठरवतो. त्याचे म्हणणे मला अजून पुरते खोडता आलेले नाही. तेही वहीत आहे, त्याच्याच शब्दांत.

मावशींचे वाक्य मी खोडून पुन्हा लिहिले, त्या बोलल्या तसे. लिहिल्यावर त्यांना वाचून दाखवले आणि ठेवू का म्हणून विचारले. त्या म्हणाल्या, ठेव, पण नाव नको. गेल्या रविवारी त्यांची सून प्रथमच बैठकीला आली. दाराजवळ बसली. पुस्तक तिने अजून घेतलेले नाही.