चिमूरसाठी उपास : प्रा. भन्साळी

प्रा. जयकृष्ण भन्साळी हे चिमूरचे नव्हते, विदर्भाचेही नव्हते. तरीही तुकडोजी महाराजांवरील मागील भागानंतर उमरेडच्या एका वाचकाने भन्साळींबद्दलच विचारणा केली. चिमूरच्या इतिहासात या माणसाची जागा मोठी आहे.

भन्साळी मूळचे गुजराती. प्राध्यापकी सोडून ते साबरमती आश्रमात आले आणि पुढे तेथूनही बाहेर पडून बैराग्यासारखे फिरत राहिले. मौन मोडू नये म्हणून त्यांनी ओठ तारेने टाचून घेतले होते. कच्चे पीठ पाण्यात कालवायचे, सोबत कडुलिंबाचा पाला, एवढाच आहार. हा हटयोग गांधीजींना रुचला नाही. त्यांच्या आग्रहामुळे भन्साळी निवळले आणि सेवाग्रामात स्थिरावले.

16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर पेटले. पोलिसांनी गोळीबार केला, जमावाच्या हातून सरकारी अधिकारी मारले गेले. मग गावात फौज शिरली. घरे लुटली गेली, स्त्रियांवर अत्याचार झाले. 28 ऑगस्टला तुकडोजी महाराजांना अटक झाली. चिमूरच्या बातम्या छापायला सरकारने बंदी घातली, त्यामुळे बाहेर फारसे काही कळेना.

भन्साळींची मागणी एकच होती : अत्याचारांची चौकशी करा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते दिल्लीला बापूजी अणे यांच्या दारात गेले. अणे यवतमाळ-वणीकडचे, टिळकांच्या परंपरेतले, पण त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. विदर्भातल्या बायकांच्या अब्रूचा प्रश्न विदर्भाच्याच नेत्यापुढे नेण्यात भन्साळींचा हिशेब अचूक होता. अण्यांकडून चौकशीचे आश्वासन मिळाले नाही. भन्साळींनी तेथेच उपास धरला, तेव्हा पोलिसांनी उचलून त्यांना सेवाग्रामला आणून सोडले. त्यांनी चिमूरची वाट धरली, पुन्हा अटक झाली. असे होत होत 11 नोव्हेंबरपासूनचा उपास 63 दिवस चालला. एरवी मोक्षासाठी कष्टवलेला देह आता सरकारला अडचणीत आणू लागला. ही किमया राजकीय पुढाऱ्याला साधली नसती.

उपासाच्या बातम्यांवरही निर्बंध आले. त्याच्या निषेधार्थ 6 जानेवारी 1943 रोजी देशातील अनेक वृत्तपत्रांनी अंक काढला नाही. कन्हैयालाल मुन्शी यांनी लक्ष घातले, नागपूरचे डॉ. ना. भा. खरे यांनी मध्यस्थी केली आणि 12 जानेवारीला उपास सुटला. बातम्यांवरील बंदी उठली, चिमूरला जाण्याची वाट मोकळी झाली. चौकशी मात्र मिळाली नाही. भन्साळींचे यश म्हणताना हा उणेपणा अनेकदा झाकला जातो.

तुकडोजी महाराज त्याआधीच, 2 डिसेंबरला, सुटले होते. चिमूरच्या आणि तशाच उठावातल्या आष्टीच्या कैद्यांवर फाशीची टांगती तलवार राहिली. त्यांच्यासाठी नागपूरच्या अनसूयाबाई काळे झटल्या, आणि 1945 मध्ये त्या शिक्षा जन्मठेपेत बदलल्या.