हातसंगणकाचे कोठार

तंजावर जिल्ह्यात, कुंभकोणमजवळील पापनाशम् येथे पालैवननाथर मंदिरात नायक राजवटीत बांधलेले धान्याचे उंच कोठार आहे. अशा कोठारात धान्य किती, हे बाहेरून सांगता येत नाही. हातात मावणाऱ्या संगणकातील नोंदींच्या फाइलीचेही तसेच आहे.

१९९६ साली निघालेल्या ‘पाम पायलट’ या हातसंगणकाच्या फाइलीत आरंभीचे ७८ बाइट तिच्या परिचयासाठी असत. फाइलीचे नाव व नोंदींची संख्या त्यांतून कळे. आजच्या भ्रमणध्वनींत बहुधा ‘एसक्यूलाइट’ पद्धतीची फाइल असते. ही पद्धत रिचर्ड हिप यांनी २००० साली निर्माण केली. तपासणीचे साधन पहिल्या १६ बाइटांवरून तिची जात ओळखते आणि मग आतील कोष्टके उलगडून दाखवते.

तथापि, डोळ्यांना दिसते तेवढेच खरे मानू नये. पुसलेल्या नोंदीची जागा केवळ मोकळी समजली जाते. मजकूर पुष्कळदा तेथेच राहतो. उलट, ताजी नोंद मुख्य फाइलीत न उतरता शेजारच्या ‘वॉल’ नावाच्या फाइलीत थांबलेली असू शकते. केवळ मुख्य फाइलीची नक्कल तपासणारा मग ‘नोंदच नाही’ असा निर्वाळा देतो. त्या नोंदीवर एखाद्या कुटुंबाचा शिधा अवलंबून असेल, तर चूक तपासणाऱ्याची आणि उपवास दुसऱ्याचा, असे होते.

यास्तव दोन्ही फाइलींची नक्कल एकत्र घ्यावी, मूळ फाइलींस हात लावू नये आणि नकलेचीच झडती घ्यावी.