जुन्या दुकानाचा निरोप घेताना

ब्रह्मपुरी-नागभीडच्या धानपट्ट्यात आमचे गाव आहे. बाजाराच्या गावी बसथांब्याजवळ एक दुकान आहे. त्याचे नाव येथे देत नाही. आमच्या घरातही त्याला नावाने कोणी ओळखत नसे, ‘आपलं दुकान’ एवढेच म्हणत. लग्नानंतरच्या पहिल्या बाजाराला सासूबाईंनी मला तेथे नेले आणि गल्ल्यावरच्या शेटजींना म्हणाल्या, “ही आमची मोठी सून जी. हिच्या हाती सामान देत जा.” शेटजींनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला होता.

तेल, मीठ, चहापत्ती, रोवणीच्या बायांसाठी पानसुपारी, बियाणे, खत, सारे तेथूनच यायचे. पैसे धान निघाल्यावर. तोवर लाल वहीत आमच्या नावाचे पान भरत राहायचे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी वैनगंगेला महापूर आला आणि काठच्या गावांतील उभे धान पाण्याखाली गेले. त्या आठवड्यात शेटजींनी वही उघडलीच नाही. तांदूळ-डाळ बांधून दिली आणि म्हणाले, “आधी खा, मग बोलू.” असे दुकान कोण सोडील?

पावती कुठे आहे?

पुढे शेटजी थकले. गल्ल्यावर त्यांचे चिरंजीव बसू लागले. जून २०२३ मध्ये तेथूनच आणलेल्या बियाण्याचे आम्ही पऱ्हे टाकले. अर्धेअधिक उगवलेच नाही. मी रिकामी पिशवी घेऊन दुकानात गेले.

“पावती आणली का वहिनी?”

“तुम्ही कधी पावती दिलीच नाही. वहीत आहे की लिहिलेलं.”

“वहीत ‘बियाणे’ लिहिलं आहे. कोणतं, ते कुठे लिहिलं आहे?”

त्यावर मला उत्तर सुचले नाही. रोवणीसाठी पऱ्हे शेजाऱ्याकडून मागून घ्यावे लागले.

त्या रात्री कॉलेजात जाणाऱ्या मुलाने कंदिलासारखा मोबाइल धरून मागच्या वर्षाचा हिशेब मांडला. २०२२ च्या हंगामात उधारीपोटी आम्ही २० क्विंटल जाडे धान दुकानाच्या काट्यावर घातले होते, भाव १,७०० रुपये. त्या हंगामाचा सरकारी हमीभाव होता २,०४० रुपये. क्विंटलमागे ३४० रुपये, म्हणजे एकूण ६,८०० रुपये गेले. ४५ किलोची युरियाची गोणी २६६ रुपये ५० पैशांची. वहीत तीच ३३० रुपयांनी चढलेली. व्याज कुठे लिहिलेले नव्हते, पण ते भावातच बसले होते.

सासूबाई ऐकत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “पुरात त्याच घरानं खाऊ घातलं ना बापा.” मग कोणीच बोलले नाही. दोघांचेही खरे होते.

आपल्याच भागातली उदाहरणे

उधारीच्या वहीने माल बांधला जातो, ही गोष्ट आपल्या जिल्ह्यांना नवी नाही. जंगलपट्ट्यात पायलीभर मिठासाठी चारोळी देऊन टाकण्याचे दिवस म्हाताऱ्या माणसांनी पाहिले आहेत. मीठ देणारा व्यापारी ओळखीचा, पावसाळ्यात नडीला धावणारा. म्हणून त्याच्याशी भाव करायला जीभ उचलत नसे.

ही गाठ सुटली ती गावाने मिळून हिशेब मांडला तेव्हा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर गावाचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू बाहेर नेण्याचा वाहतूक परवाना मिळेना. त्यासाठी ग्रामसभा अडून बसली. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश मेंढ्याला आले आणि परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. मग बांबू कोणाला व काय भावाने द्यायचा, हे गावाने ठरवले. २०१३ च्या हंगामापासून गडचिरोली-गोंदियातील काही ग्रामसभा तेंदूपानेही स्वतः विकू लागल्या. व्यापारी त्यांनाही लागलेच. फरक एवढाच, की त्याच्यापुढे एकटे घर न बसता सारे गाव बसले.

बियाण्याचेही तसेच. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांच्याकडे थोडीशीच शेती होती. १९८३ साली ‘पटेल ३’ या धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या राखून, वर्षावर्षाला निवडून त्यांनी जे वाण तयार केले, तेच आपले एचएमटी. २०१८ साली दादाजी गेले. सरळ वाणाचे बियाणे आपल्याच बांधीतून निवडून ठेवता येते, हे त्यांनी दाखवून दिले आहे. संकरित बियाणे मात्र दरवर्षी नवेच घ्यावे लागते.

आम्ही काय केले

आम्ही एका दिवसात पाठ फिरवली नाही. पहिल्यांदा नवी उधारी बंद केली. घरचा किराणा रोखीने, थोडा थोडा आणू लागलो. त्या दिवाळीला चहात गूळही बेताचाच पडला. सातबारा, आधार व बँकेचे पासबुक देऊन धान खरेदी केंद्रावर नाव नोंदवले. केंद्रावर १७ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही, म्हणून धान अंगणात चांगले वाळवले. केंद्र उशिरा सुरू झाले आणि पैसे त्याहून उशिरा आले. त्याच दिवसांत माणूस पुन्हा वहीकडे वळतो. आम्हाला तेव्हा बचत गटाच्या कर्जाने तारले. पीककर्जासाठी सोसायटीत अर्ज केला. ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर ते बिनव्याजी पडावे, अशी राज्याची योजना २०२१ पासून आहे.

जानेवारी २०२४ मध्ये राहिलेली रक्कम घेऊन आम्ही दुकानात गेलो. खाते बेबाक झाल्याचे तारखेसह लिहून, सही घेतली. चिरंजीव थोडे रागावले. मग सासूबाई आतल्या खोलीत खाटेवर बसलेल्या शेटजींकडे गेल्या.

“शेटजी, पूर विसरलो नाही जी. पण पोरांचा हिशेब जुळत नाही.”

शेटजी बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “चहा घेऊन जा.”

आम्ही चहा घेतला. येताना सासूबाई बसमध्ये पदराने डोळे पुसत होत्या. तेव्हापासून नवे धान निघाले की पायलीभर तांदूळ शेटजींच्या घरी जातात. ते उधारीत नाहीत आणि कुठल्या वहीतही नाहीत.

भगिनींनो, एवढे करा

तुमचा दुकानदार चांगला असेल तर त्याला जपा. नडीला धावणारा माणूस सहज मिळत नाही. पण चांगला दुकानदार पावती द्यायला कचरत नाही. बियाण्याच्या पावतीवर वाण आणि लॉट क्रमांक लिहून घ्या. पिशवी, तिचे लेबल आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत ठेवा. उगवण झाली नाही तर लगेच तालुक्याच्या कृषी कार्यालयात लेखी तक्रार करा. ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

आणि दिवाळीआधी एकदा वहीतले आपले पान मागून घ्या. शाळेत जाणाऱ्या पोराला किंवा पोरीला जवळ बसवा आणि ते पान मोठ्याने वाचायला सांगा. दुकान सोडायचे की ठेवायचे, हे त्यानंतर सारे मिळून ठरवा.